सायकलवाल्याची ऊब

सायकलचा इतिहास सांगणारे कारखान्यांची नावं सांगतात. मुंबईत वरळीला हिंद, १९५१ साली सोनीपतला ॲटलास, १९५६ साली लुधियान्याला हिरो. ते खरंच आहे. पण सायकल गावात एकटी आली नाही. तिच्या मागं पंक्चर आलं, अन् पंक्चरच्या मागं मिस्त्री आला. हा मिस्त्री बसायचा कुठं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. उन्हाळ्यात तो लिंबाखाली बसतो, पावसाळ्यात कुणाच्या तरी पत्र्याखाली. खरी अडचण हिवाळ्यात. थंडीत सायकलच्या कामाला उबेची जागा लागते. आमच्या गावात ती जागा कशी कशी सरकत गेली, ते सांगण्यासारखं आहे.

डनलप नावाच्या माणसानं १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. आम्हा शेतकऱ्यांना किर्लोस्कर म्हटलं की लोखंडी नांगर आठवतो, पण त्या घराण्याचा धंदा सुरू झाला तो सायकलीपासून. हवेचं टायर आलं अन् बसणाऱ्याचे हाल कमी झाले. मिस्त्रीचे मात्र तिथूनच सुरू झाले. कारण रबर आणि थंडी यांचं जुनं वाकडं. पूर्वी कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक होऊन तडकायचं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरनं १८३९ साली त्यात गंधक घालून तापवण्याची रीत शोधली, तेव्हा कुठं ते दोन्ही ऋतूंत टिकायला लागलं. रबर टिकलं, पण त्याला ठिगळ लावायचं सोल्युशन थंडीत अडून बसतं ते बसतंच.

आमचं गाव प्रवरेच्या कालव्यावरचं. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, कालव्याला पाणी आलं, आणि जिथं बाजरी व्हायची तिथं ऊस उभा राहिला. उसानं पैसा आणला, पैशानं सायकली आणल्या. मी शाळेत जायला लागलो तेव्हा, म्हणजे १९७० च्या आगंमागं, गावात बऱ्याच सायकली होत्या. दूधवाले, शिक्षक, कारखान्यात पाळीला जाणारी पोरं. काहींनी ती हुंड्यात घेतलेली. मिस्त्री मात्र एकच.

आमच्याकडं पंक्चरचा हंगाम हिवाळ्यातच. पावसाळ्यात सराट्याचे वेल रस्त्याकडेला हिरवेगार पसरतात. दिवाळी झाली की वाळतात, अन् त्यांचे काटे धुळीत पडून राहतात. ते कसेही पडले तरी एक टोक वरच. त्यात ज्वारीला जनावर लागू नये म्हणून लोक बाभळीच्या फांद्या ओढत नेऊन कुपाट्या घालतात. त्या फांद्यांचे काटे वाटभर गळतात. उसाच्या गाड्या, तोडणीवाल्यांची वर्दळ, सगळं त्याच दिवसांत. मिस्त्रीपुढं पहाटेपासून सायकली उभ्या असायच्या.

पहाटेपासून म्हणतो ते मुद्दाम. कारखान्याची चारची पाळी, पाचचं दूध, सातची शाळा. ज्याची सायकल बसली त्याला ती ऊन पडायच्या आतच पाहिजे. नऊ वाजता कोवळं ऊन आलं की कुठंही बसून काम होतं. अडचण आहे ती त्याआधीच्या तीन-चार तासांची. आमच्याकडं कडाक्याच्या थंडीत पारा सहा-सात अंशांवर येतो. त्यात ट्यूब काढायची, हवा भरायची आणि घमेल्यातल्या गार पाण्यात बुडवून बुडबुडा बघायचा. चार ट्यूबा बुडवल्या की बोटं आपली राहत नाहीत. मग छर्रे कसे धरायचे? पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंना दहा-दहा बारीक छर्रे, मागच्याला नऊ-नऊ पण जाड. ग्रीस थंडीनं घट्ट झालेलं. बधिर बोटातून एक छर्रा मातीत निसटला तर कंदील घेऊन शोधायचा.

आणि सोल्युशन. ते म्हणजे पातळ तेलात विरघळवलेलं रबर. लावल्यावर ते तेल उडून गेलं पाहिजे. बोट लावलं तर डाग पडू नये इतकं सुकलं, की मग ठिगळ ठेवून दाबायचं. उन्हाळ्यात हे बघता बघता होतं. थंडीत तेल उडत नाही, वरून गार रबरावर दव धरतं. ओल्यावर ठिगळ ठेवलं तर ते तेवढ्यापुरतं बसतं आणि दुपारी ऊन तापलं की कड सोडतं. म्हणून ऊब पाहिजे. पण तेच सोल्युशन पेट्रोलसारखं भडकतं, म्हणून जाळ नको. ऊब पाहिजे अन् जाळ नको, अशी जागा गावात शोधायची तरी कुठं?

मिस्त्रीनं ती शोधली होती गुऱ्हाळात. आमच्या शिवारात तेव्हा दोन गुऱ्हाळं चालायची. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत खोल चुलाण, त्यावर भली मोठी काहील, एका बाजूनं खड्ड्यात बसून एक जण वाळलेली चिपाडं आत सारतो आणि दुसऱ्या बाजूला धुराडं. हंगामात चुलाण रात्रंदिवस थंड होत नाही. मिस्त्री धुराड्याच्या मागच्या भिंतीला बसायचा. तिथं जाळ दिसत नाही, ठिणगी येत नाही, पण भिंत पाठ शेकून काढते. पहिल्या वर्षी गुळव्यानं त्याला बजावलं होतं, "मिस्त्री, बसा खुशाल. पण तुमची ती डबी उंबऱ्याच्या बाहेर. हितं एक ठिणगी पडली तर गूळ बी जाईल अन् तुम्ही बी."

मिस्त्रीनं तो शब्द पाळला. त्याची एक रीत होती, ती मी शाळेला जाता जाता कितीदा पाहिली. दोन विटा तो चुलाणाच्या कडेला तापत ठेवायचा. सोल्युशन लावायचं काम बाहेर, चिपाडाच्या गंजीपासूनही लांब. मग तापलेली वीट पोत्यात गुंडाळून तिकडं न्यायची आणि तिच्यावर ट्यूब पसरायची. म्हणजे ऊब उचलून न्यायची, जाळ जागच्या जागी. घमेल्यातलं पाणीही गुऱ्हाळातलंच, कोमट. बदल्यात मिस्त्री गुऱ्हाळवाल्याच्या सायकली फुकट करायचा आणि चरकाच्या पट्ट्याला कधी टाके पाहिजे असले तर तेही घालून द्यायचा. भाडं असं कुणी ठरवलंच नव्हतं.

ही सोय गेली ती कुणाच्या वाइटानं नाही. लोणीला १९५० साली विठ्ठलराव विख्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगीळ पाठीशी होते. त्यातून आमच्या भागाचं भलंच झालं. पण कारखान्यांची संख्या वाढली तसा ऊस शेतातून थेट वजनकाट्यावर जायला लागला. गूळ करायचा म्हणजे माणसं, जागरण, जळण आणि बाजारभावाची धाकधूक. एक गुऱ्हाळ बंद झालं. दुसरं मी नववीत असताना थंड पडलं. काहील विकली, चुलाणात माती भरली. ऊसवाल्याचा फायदा सगळ्यांनी मोजला. मिस्त्रीची भिंत गेली, ती कुणाच्या हिशेबात नव्हती.

मग तो लोहाराच्या खोपीत बसून बघायला लागला. भात्याची ऊब चांगली, पण तिथं ठिणग्या आणि लोखंडाची कीट. कीट ग्रीसमध्ये गेली की वाट्या अन् कोन दोन महिन्यांत खाऊन टाकते. गोठ्यात बसून पाहिलं. बैलांच्या अंगाची ऊब असते, पण ती ओली ऊब. श्वासाचा दमटपणा ट्यूबवर धरतो. हॉटेलच्या भट्टीजवळ बसला, तर मालक म्हणाला, "गिऱ्हाइकानं बसायचं का तुमच्या सायकलींनी?" त्याचंही बरोबर होतं.

पुढं गावात सिमेंटचे गाळे झाले. एक मिस्त्रीला मिळाला. सगळ्यांना वाटलं, मिस्त्रीचं नशीब उघडलं. पक्की जागा, लोखंडी शटर, वर पाटी. पण गाळ्याचं तोंड उत्तरेला. सकाळचं ऊन आत यायचंच नाही. फरशी गार, शटर गार, हातात धरलेला पाना गार. त्या थंडीत त्याची ठिगळं सुटायला लागली. एका दूधवाल्याची सायकल डेअरीच्या गाडीला जाताना वाटेत बसली अन् दोन कॅन दूध घरी परत आलं. दुसऱ्याची परीक्षेला निघालेली पोरगी कालव्यावरून चालत गेली. गावाला बोलायला तेवढं पुरलं. "मिस्त्रीचा हात गेला आता," असं पारावर उघड बोलायला लागले. कारागिराला याहून मोठी शिवी नाही. तालुक्याच्या रस्त्यावर नवा पोरगा बसायला लागला होता, गिऱ्हाईक तिकडं वळलं. घरात दोन लेकी लग्नाच्या.

मिस्त्री भांडला नाही. त्यानं एक जुनी ट्यूब घेतली. तिला दोन भोकं पाडली. पहाटे साडेपाचला गाळ्यात बसून एकाला ठिगळ लावलं, नेहमी लोक घाई करतात तितकाच वेळ थांबून. मग तीच ट्यूब, तीच डबी, तेच ठिगळाचं रबर घेऊन घरी गेला. परसात काकूंनी आंघोळीचा बंब पेटवलेला होता. बंबापासून लांब, पडवीत बसून, बंबाजवळ शेकलेल्या विटेवर ट्यूब ठेवून त्यानं तेवढ्याच वेळात दुसरं लावलं. हवा भरली आणि ट्यूब हॉटेलपुढच्या खांबाला टांगली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाळ्यातल्या ठिगळानं कड सोडली होती. पडवीतलं जागचं हललं नव्हतं. लोक येता-जाता बोटानं चाचपून बघत होते. मिस्त्री एवढंच म्हणाला, "हात तोच आहे. जागा बदलली."

त्यानंतर थंडीचे दोन महिने गाळ्याचं शटर सकाळी बंद असायचं. सायकली गल्लीतून त्याच्या परसात जायच्या. बंबातलं तांब्याभर पाणी घमेल्यात पडायचं, काकू कुरकुरायच्या आणि तरी द्यायच्या. गेलेलं गिऱ्हाईक सगळंच परत आलं नाही, पण दोन्ही लेकींची लग्नं त्याच पडवीतल्या कामावर झाली.

मला यातून कळतं ते असं. गावातला कुणीही कारागीर स्वतःच्या उबेवर काम करत नव्हता. गुळव्याच्या जाळावर सायकलवाला, लोहाराच्या भात्यावर शेजारची म्हातारी माणसं, हॉटेलच्या भट्टीवर पाळीवरून आलेला गडी. एकाचा जाळ अन् चार जणांचा शेक. गाव सुधारताना आपण एकेक जाळ विझवला, अन् ते बरंही केलं. धूर गेला, जळण वाचलं. फक्त विझवताना त्याच्या मागच्या भिंतीला कोण टेकून बसलंय, हे बघायचं राहिलं. अजूनही नवे गाळे बांधताना लोक रस्त्याची बाजू बघतात, उन्हाची बघत नाहीत. हातानं काम करणाऱ्याचा गाळा असेल तर त्याचं तोंड पूर्वेला किंवा दक्षिणेला ठेवायला खर्च काही वाढत नाही.

आज मिस्त्री नाही. नातू मोटारसायकली करतो, त्यांच्या ट्यूबलेस टायरला घमेलंही लागत नाही. पण शाळेच्या पोरापोरींच्या सायकली अजून येतात, आणि सराटेही अजून तेच आहेत. बंब मोडीत गेला. छपरावर सोलर बसलाय. नातू सकाळी नळ सोडतो, काल दिवसभराच्या उन्हानं तापलेलं पाणी घमेल्यात घेतो आणि त्यात ट्यूब बुडवतो.