इंजिनावरची चिंधी

भंगारात निघालेल्या ट्रकच्या केबिनमधलं इंजिनाचं झाकण उलटं करून पाहावं. आतल्या अंगाला काळपट करडा, बोटभर जाडीचा एक थर चिकटवलेला असतो. वरचं तेलकट आवरण सोलून तो थर मधोमध फाडला, की पुष्कळदा आत रंग दिसतात. कुठे निळ्या जीनचे तुकतुकीत तंतू, कुठे लाल लोकरीचा गोळा, मध्येच एखादा पिवळा धागा, ज्याला अजून शिलाईचा पीळ आहे. हा थर जुन्या कपड्यांचा आहे. कोणीतरी अंगात घालून विटवलेले कपडे फाडून, पिंजून, राळेत थापून ड्रायव्हरच्या गुडघ्याशेजारी बसवलेले आहेत, आणि इंजिनाचा कर्कशपणा आणि धग तेच अडवून धरतात.

हे रंग दिसल्यापासून मी या थराचं कुळ शोधतो आहे. ट्रकच्या केबिनमधली शांतता विमानातून आली, असं अनेकजण सांगतात. काहीजण ती नाट्यगृहांतून आणतात, आणि ज्यांना इतिहासात खूप मागे जायला आवडतं ते भटक्या टोळ्यांच्या गाड्यांपर्यंत पोचतात. माझ्या मते तिचं मूळ गाव बॅटली. इंग्लंडात यॉर्कशर परगण्यात.

बॅटलीच्या बेंजामिन लॉने १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या फाडून त्यांचे पुन्हा तंतू केले आणि त्यात थोडी ताजी लोकर मिसळून कापड विणलं. नेपोलियनच्या युद्धांमुळे लोकर महागली होती, गणवेशांना मागणी होती. त्या कापडाला शॉडी म्हणू लागले. पुढच्या काही दशकांत युरोपभरच्या चिंध्या गाठोड्यांनी बॅटली आणि शेजारच्या ड्यूसबरीत येऊन पडू लागल्या. बायका त्या रंगावार निवडत, बटणं आणि शिवणी काढत, मग चिंध्या दातेरी रुळांच्या यंत्रात जात. त्या यंत्राला कामगार 'डेव्हिल' म्हणत. त्यातून उडणारी धूळ छातीत जाऊन जो ताप येई, त्यालाही या धंद्याचंच नाव पडलं होतं: शॉडी फीव्हर. कापड मात्र बदनाम झालं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, घाईघाईने शॉडीचे गणवेश शिवले गेले, आणि ते सैनिकांच्या अंगावर विरले.

ते विरले कशामुळे, इथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. फाडलेल्या चिंधीतला तंतू आखूड असतो, तुटलेला असतो, जाडीला एकसारखा नसतो. अशा तंतूंना पीळ धरत नाही, म्हणून सूत कच्चं. पण हेच तंतू न कातता नुसते एकावर एक दाबले, तर त्यांच्यामध्ये असंख्य वेड्यावाकड्या, अरुंद वाटा तयार होतात. ध्वनी म्हणजे हवेची ये-जा. ती या वाटांमध्ये घासते, अडखळते आणि तिची शक्ती नगण्य उष्णतेच्या रूपात विरून जाते. शिवाय या वाटांमधली हवा जागची हलत नाही, आणि स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. तिची वाहकता ०.०२५ च्या आसपास, पोलादाची ५० च्या आसपास. म्हणजे दोन हजारपटींचा फरक. कापड म्हणून जो दोष, तोच थर म्हणून गुण, आणि एकाच थरात दोन कामं. चिंध्यांची ही जागा दुसऱ्या कोणत्याही स्वस्त मालाला इतक्या सहजी घेता आली नसती.

आता प्रतिस्पर्धी वंशावळी पाहू. सर्वांत मोहक आहे ती भटक्यांची. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या हवा, पाणी आणि स्थळांवरच्या ग्रीक ग्रंथात सिथियन लोकांच्या चार आणि सहा चाकी गाड्यांचं वर्णन आहे. त्या नमद्याने, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीने, मढवलेल्या असत, आत दोन-दोन, तीन-तीन खोल्या, आणि त्यातून पाऊस, बर्फ, वारा काही आत येत नसे. सायबेरियातल्या पाझिरिक इथल्या गोठलेल्या थडग्यांत सेर्गेई रुडेंको यांना चारचाकी गाडी सापडली, आणि त्याच थडग्यात नमद्याचे शिवलेले हंसही. ते गाडीच्या छतावर लावत असावेत, असा एक अंदाज आहे. आपल्याकडचा ट्रक नखशिखान्त सजवणाऱ्या पेंटरला हे हंस लगेच पटतील! पुढे १२५३ मध्ये रुब्रुकचा विल्यम हा फ्रान्सिस्कन साधू मंगोलांच्या मुलखात गेला. गाडीवर चढवलेलं अख्खं नमद्याचं घर त्याने पाहिलं. एका गाडीच्या दोन चाकोऱ्यांमधलं अंतर त्याने मोजलं, ते वीस फूट भरलं. एका घराला बावीस बैल, अकरा-अकराच्या दोन ओळींत. आस जहाजाच्या डोलकाठीएवढा. आणि घराच्या दारात उभा राहून बैल हाकणारा एक माणूस. मागे झोपायची जागा, पुढे हाकणारा, भोवती नमदा. स्लीपर केबिनची सगळी लक्षणं इथे आहेत.

पण लक्षणं जुळली म्हणून नातं ठरत नाही. गॉटलिब डाइमलरने १८९६ मध्ये पहिला मोटार ट्रक बनवला, त्याला केबिनच नव्हती. हाकणारा घोडागाडीच्या कोचमनसारखा उघड्यावर बसे, आणि पुढची कित्येक वर्षं ट्रकवाले तसेच भिजत, कुडकुडत राहिले. रुब्रुकच्या गाडीचा वारसा सलग चालत आला असता, तर हा उघडा माणूस मध्ये आला नसता. तो धागा तिथे तुटतो.

विमानाचा दावा जास्त भक्कम आहे. १९३३ मध्ये डग्लस कंपनीच्या नव्या प्रवासी विमानात स्पेरी कंपनीचे डॉ. स्टीफन झँड आवाज मोजायची उपकरणं घेऊन बसले. कोणता आवाज कुठून आत शिरतो हे त्यांनी एकेक करून शोधलं आणि मग रबरी बैठका, गालिचे, भिंतींत भरलेला कपोक असे उपाय बसवले. कपोक म्हणजे आपल्या सावरीच्या कुळातल्या झाडाचा कापूस, वजनाला जवळजवळ काहीच नाही. या कामाचं मला मनापासून कौतुक आहे. आवाजाच्या वाटा आधी वेगवेगळ्या करायच्या आणि मग प्रत्येक वाट बुजवायची, ही शिस्त ट्रकवाल्या इंजिनिअरांनी तिथूनच उचलली असावी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने फ्रेटलायनर, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्हाइट या कंपन्यांकडून शांत ट्रकचे नमुने करून घेतले, तेव्हा पंखा, एक्झॉस्ट, इंजिन असे आवाज याच रीतीने वेगळे काढले गेले. त्याच दशकात केबिनमध्ये ड्रायव्हरच्या कानापाशी ९० डेसिबलची मर्यादाही तिथल्या नियमांत आली. पण रीत विमानाची असली, तरी माल विमानाचा नाही. विमानात प्रत्येक किलो नडतो, म्हणून कपोक. ट्रकमध्ये नडतो पैसा. आणि वर तेल, धूळ, पाण्याचा फवारा, मेकॅनिकचे बूट. तिथे चिंधीच परवडते.

नाट्यगृहवाल्यांचा मुद्दा मला उलट माझ्याच बाजूचा वाटतो. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइनना १८९५ मध्ये एक बिघडलेलं व्याख्यानगृह सुधारायला दिलं होतं. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबाइन रात्री, सगळं शांत झाल्यावर, सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या उचलून तिथे आणत, ऑर्गनची नळी वाजवत आणि घड्याळ लावून आवाज विझायला किती वेळ लागतो ते मोजत. किती आवाज शोषला गेला, हे त्यांनी सुरुवातीला चक्क गादीच्या मीटरांत मांडलं. ध्वनिशास्त्रातलं शोषणाचं पहिलं माप बसायची गादी होती, ही गोष्ट वाचली तेव्हा माझ्या कुळकथेतला गाळलेला दुवा मला सापडला.

कारण गाड्यांमध्ये चिंध्या शिरल्या त्या गादीतूनच. ब्रिटिश संसदेने १९११ मध्ये 'रॅग फ्लॉक ॲक्ट' नावाचा कायदा केला. चिंध्या फाडून केलेला भुगा गाद्या-उशांत भरताना तो स्वच्छ असलाच पाहिजे, हा त्याचा विषय. स्वच्छता कशी तपासायची? भुग्यातल्या क्लोरीनवरून, म्हणजे मुरलेल्या घामाच्या मिठावरून. एक लाख भागांत तीसपेक्षा जास्त भाग नकोत. अंगावरचा घाम मोजणारा कायदा करावा लागला, म्हणजे हा माल घरोघर आणि बैठकोबैठकी पोचला होता. घोडागाड्यांच्या बैठका भरणारे कारागीर मोटारींच्या कारखान्यांत आले, आणि त्यांच्या हातात हाच माल होता. माझा तर्क असा आहे: चिंधी आधी ड्रायव्हरच्या बुडाखाली आली, केबिन बंद झाली तशी ती पायाखाली, पत्र्याच्या फरशीवर पसरली, आणि इंजिन केबिनच्या पोटात शिरलं तेव्हा ती इंजिनाच्या झाकणावर चढली. प्रत्येक पायरीवर तोच कारागीर, तेच दुकान, तोच सुरा. दुसरं काही शोधायची त्याला गरजच पडली नाही.

शेवटची पायरी दोन गोष्टींनी गाठली. एक डिझेल इंजिन. १९२३-२४ मध्ये बेंझ आणि मान यांचे पहिले डिझेल ट्रक आले आणि त्यांच्याबरोबर तो ठोक्यांचा खडखडाट आला. दुसरी गोष्ट, इंजिनावर बसणारी चपट्या तोंडाची केबिन. लांबी वाचवायला ड्रायव्हरला इंजिनाच्या वर किंवा शेजारी बसवलं, आणि ज्याच्या आतलं पाणी नव्वद अंशांना तापतं ते यंत्र त्याच्या मांडीला लागलं. इथे सुटी चिंधी झडून, गळून खाली आली असती. तिला आकार दिला लिओ बेकलंडच्या राळेने. १९०७ चं बेकेलाइट, ज्याचे जुने टेलिफोन आणि विजेची बटणं आपण पाहिली आहेत, त्याच फिनॉलिक राळेची भुकटी पिंजलेल्या चिंध्यांत मिसळतात, गादी अंथरतात आणि तापलेल्या साच्यात दाबतात. राळ तंतूंच्या सांध्यांवर घट्ट होते, मधल्या वाटा मोकळ्या राहतात. झाकणाच्या प्रत्येक वळणाला बसणारा कडक पॅड तयार.

चिंधी सगळं करते, असं मात्र मी म्हणणार नाही. सहा सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्या घेतं, तेव्हा प्रत्येक फेरीत तीन स्फोट, म्हणजे सेकंदाला ७५. या घुमाऱ्याची ध्वनिलहर साडेचार मीटर लांब असते. तिला तंतूंनी नीट अडवायचं तर तिच्या पाव हिश्शाएवढी, म्हणजे मीटरभराहून जाड गादी हवी. तिथे वजनच लागतं: बराइटची पूड कालवलेली जड रबरी शीट, पत्र्याची थरथर मारणारी डांबरी शीट, जिच्यामागचं गणित हेरमान ओबेर्स्टने १९५२ मध्ये मांडलं. धगीचंही तसंच. लाल तापलेल्या एक्झॉस्टची उष्णता किरणांनी येते, आणि किरण परतवायला चकचकीत ॲल्युमिनियमचा पापुद्रा लागतो. म्युनिकच्या एर्न्स्ट श्मिटने १९२० च्या दशकात हा गुण मोजून दाखवला. तो पापुद्रा चिंधीला तेलापासूनही वाचवतो, आणि हे फार महत्त्वाचं आहे. तेल प्यायलेला पॅड म्हणजे इंजिनावर ठेवलेली वात. फॉइल फाटलेला पॅड चिकटपट्टी लावून परत बसवणाऱ्या प्रत्येक गॅरेजवाल्याला मी हे सांगतो.

आपल्याकडे या कथेने वेगळं वळण घेतलं. कंपनी नुसता सांगाडा आणि पुढचा काउल द्यायची; केबिन बांधायचे ते गावोगावचे बॉडीबिल्डर, लाकडाच्या चौकटीवर पत्रा ठोकून. पत्र्यामागे काय घालायचं हे मालकाच्या खिशावर होतं, आणि बहुतेकदा काहीच घातलं जात नसे. मग ड्रायव्हर स्वतःच इंजिनाच्या झाकणावर गोधडीची घडी टाकत. बॅटलीचं नावही न ऐकलेल्या माणसाने जुन्या लुगड्यांचे थर तापत्या लोखंडावर अंथरले, आणि तेच उत्तर काढलं जे कारखान्यांनी साचे आणि राळ लावून काढलं. ज्या कोणा आजीने ती गोधडी शिवली, तिलाही मी या कुळात धरतो.

आणि ज्यांनी स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात दारोदार जुने कपडे गोळा केले, त्या बोहारणींनाही. चांगले कपडे जुन्या बाजारात जातात. फाटके पुढे जातात, काही गॅरेजात पुसायला, काही पिंजायला. हरियाणातलं पानिपत तर आज जगातल्या मोठ्या शॉडी केंद्रांपैकी एक आहे. परदेशातून आलेले लोकरीचे कपडे तिथे बॅटलीसारखेच रंगावार निवडले जातात, बटणं काढली जातात, आणि यंत्रात फाडले जातात.

या मालाचे दिवस सरले, असं मला अधूनमधून ऐकवलं जातं: आता प्लास्टिकच्या बाटल्यांचे पॉलिएस्टर तंतू आले, मेलामाइनचा फोम आला. मला तसं दिसत नाही. फोर्डसारखी कंपनी जुन्या डेनिमचा कापूस गाडीच्या गालिच्याखाली घालते आणि ते अभिमानाने सांगते. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. थंड केलेली हवा टिकवायची तर मजला, छत आणि इंजिनाचं झाकण भरावंच लागतं, नाहीतर डिझेल जाळून उन्हाशी भांडत बसावं लागतं. आणि विजेवरचे ट्रक तर चिंधीच्या पथ्यावरच पडणारे आहेत. स्फोटांचा तो ७५ चा घुमारा त्यांत नाही. मोटर आणि गिअरची शीळ आहे, काँप्रेसरची किरकिर आहे, टायरचा सरसराट आहे. सेकंदाला दोन हजार कंपनांच्या आसपासच्या आवाजाची लहर सतरा सेंटिमीटरची असते, तिचा पाव हिस्सा चार सेंटिमीटरांच्या आसपास. तिला अडवायला मीटरभर गादी लागत नाही; डेनिमच्या चिंध्यांचा चार बोटांहून कमी जाडीचा पॅड पुरतो.