चिपाडाची वीज



२००६-०७ चा हंगाम. गावात बारा-बारा तास भारनियमन. मी उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर नंबर लावून बसलेलो. मागं अख्खं गाव अंधारात आणि पुढं कारखाना लखलखीत. तेव्हा डोक्यात आलं, ह्यांची वीज जात कशी नाही?

उत्तर आजोबांच्या गुऱ्हाळात होतं. रस काढला की चिपाडं वाळवायची आणि चुलवणात तीच घालायची. उसाचा रस उसाच्याच जाळावर आटायचा.

कारखान्यानं तेच मोठं केलं. १९५०-५१ ला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हा बहुतेक खेड्यांत वीज पोचलीच नव्हती. साखर कारखान्याला स्वतःची सोय स्वतः करणं भागच होतं.

एक टन उसातून साधारण २८० ते ३०० किलो ओला बगॅस निघतो. तो बॉयलरला जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि त्यातून बाहेर पडलेल्या वाफेवरच रस आटवायचा. एका जाळात दोन कामं. ग्रीडवर ताण आला तरी गाळप चालू राहतं. हे आपल्याही फायद्याचं, कारण तोडलेला ऊस तळावर वाळला की वजन घटतं, उताराही पडतो.

पूर्वी बॉयलर कमी दाबाचे असायचे, गरजेपुरतीच वीज व्हायची. १९९० नंतर जास्त दाबाचे बॉयलर येऊ लागले. तेवढ्याच बगॅसमध्ये जादा वीज व्हायला लागली आणि उरलेली ग्रीडला विकता येऊ लागली. पुढं २००३ च्या वीज कायद्यानं वीजनिर्मितीला परवान्याची अट राहिली नाही. पण एक मर्यादा आहेच. हंगाम सरला आणि बगॅस संपला की हे चुलवण थंड.

आता आपल्या कामाचं. २०१२ च्या रंगराजन समितीनं साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा ऊसवाल्याचा धरला. त्यात बगॅस आहे, त्याची केलेली वीज नाही. म्हणजे बगॅसला भाव किती धरला, यावर आपला वाटा ठरणार. वार्षिक सभेचा अहवाल घरी आला की रद्दीत टाकू नका. तो आकडा शोधा आणि सभेत उठून विचारा. चिपाड आपल्याच उसाचं आहे.