खिशात मावणारं पिस्तूल आणि दहा दिवस

मागच्या शनिवारी सकाळी सम्याचा फोन आला. सम्या म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. दोघेही मूळचे नगरचे (आता अधिकृतपणे अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं), दोघेही पोटासाठी पुण्यात आणि दोघेही आयटीत. कसा आहेस वगैरे काही नाही, थेट विषय. "तुझ्या आजोबांकडे बंदूक होती ना रे? लायसन्स कसं काढतात? मला पिस्तूल घ्यायचंय. छोटं. पँटच्या खिशात मावेल असं. कुणाला दिसता कामा नये."

मी आधी हसलो. पलीकडून कुणी हसलं नाही. मग विचारलं, "कशाला?" तर म्हणे, "रात्री-अपरात्री नगर-पुणे करतो, आजकाल काही खरं नाही." बरं म्हटलं, बघून सांगतो.

आजोबांकडे बंदूक होती हे खरं. पारनेर तालुक्यात आमची शेती, तिथं रानडुकरांसाठी बारा बोअरची दुनळी. भिंतीवर खुंटीला टांगलेली असायची. घरी येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघायचा आणि मग पाणी प्यायचा. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती जपून ठेवायची, निकालानंतर परत आणायची. म्हणजे बंदूक घरात आहे की ठाण्यात, हे अख्ख्या गावाला ठाऊक. सम्याला हवी असलेली वस्तू याच्या नेमकी उलट. ती असण्याचा सगळा उपयोगच मुळी कुणाला माहीत नसण्यात!

रविवारी पाऊस होता, बायको माहेरी होती, म्हणून वाचायला बसलो. सुरुवात केली 'कोणतं पिस्तूल मिळतं' इथून, आणि संध्याकाळी पोचलो ते जानेवारी १९४८ च्या नगरला. कसा, ते सांगतो.

आपल्याकडे साध्या नागरिकाला खिशातलं हत्यार घ्यायचं तर निवड फारशी नाही. लष्कर आणि पोलीस वापरतात ते ९ मिमी वगैरे बोअर कायद्यानं 'निषिद्ध', ते आपल्याला नाही. उरतं प्रामुख्यानं .३२ बोअर. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी आयातही जवळजवळ बंद, त्यामुळे बरीच वर्षं सरकारी आयुध कारखान्यांत बनलेलं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हाच मार्ग होता. २०१४ साली कानपूरच्या कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, खास बायकांच्या पर्समध्ये मावेल असं. वजन अर्धा किलो, आणि किंमत सव्वा लाखाच्या आसपास. त्यावरून तेव्हा बरीच चर्चाही झाली होती. आणि हे सगळं लायसन्स मिळाल्यावर. गावाकडे ते कलेक्टर ऑफिसातून, पुण्यात पोलीस आयुक्तांकडून. चौकशी, कारण, पोलिसांचा अहवाल... काही महिने सहज जातात.

हा .३२ आला कुठून? जॉन ब्राउनिंग नावाच्या अमेरिकन माणसाच्या डोक्यातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं बेल्जियममधल्या एका कारखान्यासाठी ७.६५ मिमीचं, म्हणजेच .३२ चं, चपटं पिस्तूल बनवलं. तोवर हातातलं हत्यार म्हणजे रिव्हॉल्व्हर. गोल फिरणाऱ्या चक्रामुळे ते खिशात ठेवलं की फुगवटा दिसायचा. ब्राउनिंगनं काडतुसं मुठीत उभी रचली आणि फुगवटा गेला. कोटाच्या खिशात हत्यार आहे हे शेजारी बसलेल्यालाही कळेना.

याचा परिणाम महाराष्ट्रानं लवकरच पाहिला. १९०९ साली लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. इंडिया हाउसमध्ये स्वयंपाक करणारा चतुर्भुज अमीन ती पेटीच्या चोरकप्प्यातून घेऊन आला. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला सतरा-अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरेनं गोळ्या घातल्या. भरल्या नाट्यगृहात, दिव्यांच्या उजेडात. हत्यार कुणालाच दिसलं नव्हतं. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

आता जरा विचार करा, पिस्तुलं लंडनहून चोरकप्प्यातून का आणावी लागली? कारण १८७८ चा शस्त्र कायदा. १८५७ ची भीती इंग्रजांच्या मनातून गेली नव्हती. त्या कायद्यानं हिंदी माणसाला हत्यारासाठी परवाना सक्तीचा केला आणि गोऱ्यांना त्यातून सूट दिली. हा कायदा सगळ्यांनाच झोंबला होता. इतका, की खुद्द गांधीजींनीही तो इंग्रजांच्या सगळ्यांत काळ्या कृत्यांपैकी एक मानला होता. (हे वाचून मी दोन मिनिटं थांबलो होतो. पुढे कारण येईलच.)

हेतू कितीही वाईट असो, त्या कायद्याचा एक परिणाम मात्र झाला. चांगलं हत्यार दुर्मीळ झालं. आणि इथून गोष्ट नगरला येते.

नगरच्या मिशन शाळेत नारायण आपटे नावाचा शिक्षक होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं नगरमध्ये रायफल क्लब काढला. उघड्यावरचा क्लब. विष्णू करकरे शहरात लॉज चालवायचा, नगरपालिकेवर निवडूनही आला होता. फाळणीनंतर नगरजवळ विसापूरला निर्वासितांची छावणी आली, आणि पाकपट्टणहून सगळं गमावून आलेला मदनलाल पाहवा करकऱ्याला भेटला. नोव्हेंबर १९४७ मध्ये मोहरमच्या मिरवणुकीवर बॉम्ब पडला. जानेवारी १९४८ च्या सुरुवातीला करकऱ्याच्या माणसाच्या घरी स्फोटकं सापडली. त्याच सुमारास रावसाहेब पटवर्धनांच्या सभेत मदनलालनं धुडगूस घातला. म्हणजे बघा, आजोबांच्या बंदुकीसारखंच. सगळं खुंटीला टांगलेलं, सगळ्या गावाला दिसणारं.

गांधीजींना मारायचा कट ठरला तेव्हा या लोकांकडे स्फोटकांची कमी नव्हती. पुण्यात 'शस्त्र भांडार' चालवणाऱ्या दिगंबर बडगेनं गन-कॉटनचे तुकडे आणि हातबॉम्ब पुरवले. नव्हतं ते भरवशाचं छोटं हत्यार. पुढे माफीचा साक्षीदार झालेल्या बडगेनं कोर्टात सांगितलं, की नथुराम गोडसेनं त्याला एक छोटं पिस्तूल दिलं आणि त्याच्या बदल्यात मोठं रिव्हॉल्व्हर मिळवायला सांगितलं. ते त्यानं मिळवलं. दुसरं रिव्हॉल्व्हर गोपाळ गोडसेचं, महायुद्धाच्या काळातलं.

२० जानेवारी १९४८. सकाळी दिल्लीत हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत दोन्ही हत्यारांची चाचणी झाली. (आम्ही प्रॉडक्शनच्या दिवशी सकाळी टेस्टिंग करतो ना, अगदी तसंच. आणि निकालही तसाच.) गोपाळच्या रिव्हॉल्व्हरचं चक्र हलेना. बडगेच्या रिव्हॉल्व्हरची गोळी समोरच्या झाडापर्यंतही पोचली नाही. तेल आणि चाकू मागवून दुरुस्ती सुरू झाली, तेवढ्यात वनरक्षक आले आणि सगळं गुंडाळावं लागलं. संध्याकाळी बिर्ला हाउसमध्ये मदनलालनं गन-कॉटन पेटवलं, भिंतीपाशी स्फोट झाला. पण बडगे ऐनवेळी कचरला, बाकीचे पांगले. गांधीजींच्या केसालाही धक्का लागला नाही. मदनलाल जागीच पकडला गेला.

इथून पुढचे दहा दिवस मला वाचवेनात.

मदनलालच्या जबाबात करकरेचं नाव आलं. पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला. ते वृत्तपत्र 'हिंदू राष्ट्र', त्याचा संपादक नथुराम गोडसे, आणि कारभार बघणारा आपटे. पुण्यात चार जणांना विचारलं असतं तरी कळलं असतं. मुंबईत रुईया कॉलेजचे प्राध्यापक जे. सी. जैन यांना मदनलाल आधीच बरंच बोलून गेला होता. २१ जानेवारीला त्यांनी मुख्यमंत्री खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांची भेट घेऊन ते सांगितलं. मोरारजींनी मुंबई पोलिसांचे अधिकारी नगरवाला यांना करकरेला पकडायला सांगितलं. दिल्लीहून पोलीस मुंबईला आले, पुण्याला न जाता परत गेले. नगर पोलिसांना करकरे तोंडपाठ होता. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, पण ते एकाच टेबलावर कधी आलेच नाहीत. पुढे न्यायमूर्ती कपूर आयोगानं (१९६६ ते १९६९) हे सगळं तपशीलवार लिहून ठेवलंय.

आणि त्याच दहा दिवसांत नथुराम आणि आपटे काय करत होते? पिस्तूल शोधत होते! मुंबईत ज्यांच्याकडून आशा होती त्यांनी दिलं नाही. २७ जानेवारीला खोट्या नावांनी विमानानं दिल्ली, तिथून रेल्वेनं ग्वाल्हेर. ग्वाल्हेर संस्थान, आणि तिथं ओळखीपाळखीतून २८ तारखेला एक पिस्तूल हाती आलं. इटालियन बेरेटा, १९३४ चं मॉडेल, लांबी जेमतेम सहा इंच, पोटात सात काडतुसं. ते काडतूस .३८० चं, म्हणजे पुन्हा जॉन ब्राउनिंगचंच डिझाइन. १९१४ मध्ये साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं ते याच मापाच्या काडतुसानं. ३० जानेवारीला संध्याकाळी पाचनंतर ते पिस्तूल खिशात घालून नथुराम बिर्ला हाउसच्या बागेत उभा राहिला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आपटे आणि नथुरामला १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याला फाशी झाली. करकरे, मदनलाल आणि गोपाळ १९६४ मध्ये सुटले. करकरे परत नगरलाच आला.

आता मला यातून जे जाणवलं ते सांगतो. पटतंय का बघा. 'कायद्यानं काय होतं, ज्याला हत्यार हवं तो मिळवतोच' असं आपण नेहमी म्हणतो. खरंय, मिळवतोच. गोडसेनंही मिळवलं. पण चांगलं हत्यार दुकानात सहज मिळत असतं तर ती गोळी २० तारखेलाच लागली असती. परवान्याच्या जाचानं गुन्हा थांबला नाही, दहा दिवस लांबला. सिस्टिमनं वॉर्निंग दिली, आणि आम्ही सगळ्यांनी ती लॉगमध्ये पडू दिली. ज्या शस्त्र कायद्यावर गांधीजी इतके चिडले होते, त्याच कायद्याच्या परंपरेनं त्यांना दहा दिवस मिळवून दिले होते. ते वाया घालवले ते आपण.

रविवारी रात्री हे सगळं सम्याला फोनवर सांगितलं. मला वाटलं तो वैतागेल, कारण त्यानं विचारलं होतं मॉडेल आणि मी सांगितला इतिहास. पण तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नगर-पुणे रस्त्याचं काही नाही रे."

खरी गोष्ट बांधाची होती. चुलत भावानं गेल्या पावसाळ्यात बांध कोरला, दोन हात जमीन आत घेतली. दिवाळीत सम्या गावी गेला तेव्हा रात्री शेतातच वाद झाला. चुलत भावाच्या हातात कुऱ्हाड होती. त्यानं ती उगारली नाही, नुसती खांद्यावर ठेवली. सम्या मागे सरला आणि घरी आला. तेव्हापासून त्याला झोप नाही.

मी विचारलं, "त्या रात्री तुझ्या खिशात असतं तर?"

"काढलं असतं," तो म्हणाला. एक सेकंदही न थांबता. आणि मग स्वतःच दचकला असावा, कारण पुढे त्याला काही बोलता येईना. ज्याच्यावर काढलं असतं त्याच्याच सायकलच्या दांडीवर बसून हा पहिलीपासून शाळेत गेलेला, हे मला माहीत आहे. आम्ही तिघंही एकाच शाळेत होतो.

सम्याला लायसन्स मिळालंच पाहिजे किंवा मिळताच कामा नये असं मी म्हणत नाही. वस्तीवर एकट्यानं राहणाऱ्या माणसाची भीती मी पुण्यात बसून ठरवणार कोण? पण दिवाळीच्या त्या रात्रीपासून आजपर्यंत त्याला जे महिने मिळाले, ते केवळ हत्यार सहज मिळत नाही म्हणून मिळाले. ते कशात घालवायचे, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न होता.

असो. काल त्याचा मेसेज आला. लायसन्सचा फॉर्म त्यानं आणलाय, पण भरलेला नाही. त्याऐवजी भूमी अभिलेखच्या ऑफिसात जाऊन मोजणीचा अर्ज दिलाय, आणि फीची पावती चुलत भावालाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीय. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दोन निळ्या खुणा मात्र दिसतायत.

मोजणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी पण जाणार आहे.