लग्नमांडवांतील शब्दांचें वऱ्हाड

महाराष्ट्रांतील एखाद्या लग्नमांडवांत उभें राहून कानांवर पडणारे शब्द नुसते टिपून घेतले, तरी दोन हजार वर्षांच्या इतिहासाचें टांचण तयार होईल.

आरंभ बोहल्यापासून करावा. येथील बहुतेक शब्द संस्कृत आहेत. पूर्वक्षितिजाला ‘लागलेली’, म्हणजे उगवती, रास तिला ज्योतिषांत लग्न म्हणतात. ती वेळ साधण्यासाठीं पाण्यानें भरलेल्या घंगाळांत तळाशीं छिद्र असलेलें घटिकापात्र सोडीत. तें भरून बुडालें कीं २४ मिनिटांची एक घटिका झाली. पुढें वेळेचें हें नांव समारंभालाच चिकटलें. अक्षता म्हणजे न मोडलेले तांदूळ. सप्तपदी तर आजच्या कायद्यांतही आहे: १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें, जेथें हा विधि रूढ आहे तेथें सातवें पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो.

वस्त्रांकडे वळलें कीं भाषेचा रंग पालटतो. साडी हा संस्कृत ‘शाटी’चा प्राकृत अवतार. पैठणींत सातवाहनांच्या राजधानीचें, प्रतिष्ठान नगरीचें, नांव जपलेलें आहे. परंतु तिच्या पदरावरील ‘जर’ हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ सोनें. व्याह्यांच्या खांद्यावरील शाल फारसी, तोंड पुसावयाचा रुमाल फारसी, आणि सदरा हा छाती या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलेला.

पंगतींत तर सारें जग मांडी घालून बसलेलें दिसतें. कल्याणीच्या चालुक्यवंशी सोमेश्वर राजानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत ‘मंडक’ व ‘पोलिका’ आहेत. तेच आपले मांडे आणि पोळी. जिलेबीचें मूळ मात्र अरबी ‘जलाबिया’. बटाटा आणि मिरची हीं दोन्ही अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आलीं. बटाट्यानें आपलें माहेरचें नांव सोडलें नाहीं; मिरचीनें मात्र संस्कृत ‘मरिच’, म्हणजे मिरें, यावरून सासरचें नांव घेतलें.

परक्या शब्दांना निरोप देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रानें केला नाहीं असें नाहीं. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनीं ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध केला. फारसी-अरबी शब्दांस संस्कृत पर्याय देणाऱ्या या कोशाचे दहा वर्ग आहेत, आणि त्यांतील भोग्यवर्ग उपभोगाच्या वस्तूंचा आहे. दरबारांत मजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. स्वराज्य उभें करणाऱ्या पुरुषाला राज्यकारभाराची भाषाही आपली असावी असें वाटणें स्वाभाविकच होतें. तरीही पुढील शतकांत मराठी राज्याचा कारभार ज्या पदाच्या नांवानें गाजला, तें ‘पेशवा’ हें नांव फारसीच राहिलें!

याचें कारण उघड आहे. कचेरींतील शब्द हुकमानें येतात आणि कांहीं अंशीं हुकमानें जातातही. मंत्रांतील शब्द पाठांतरानें टिकतात. परंतु जिलेबी आणि रुमाल कोणाच्या आज्ञेनें आले नाहींत. ते हलवायाच्या कढईंतून आणि कापडवाल्याच्या गांठोड्यांतून घराघरांत शिरले. जी वस्तु गृहिणीच्या हातीं रुळली, तिचें नांव घालविणें राजालाही साधलें नाहीं.

हा वाद विसाव्या शतकांतही पेटला. १९२५ सालीं ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध करणारे माधवराव पटवर्धनच पुढें भाषाशुद्धीचे कैवारी झाले, इतकी या प्रश्नाची दोन्ही टोकें एकाच मनांत नांदूं शकतात. मांडवानें मात्र आपल्यापुरता निवाडा केव्हांच करून टाकला आहे. तेथें सप्तपदीचे मंत्र म्हणणारे गुरुजी, तीं पावलें संपलीं कीं जरीचा शेला सांवरीत पंगतीला बसतात आणि जिलेबीचा आग्रह मोडीत नाहींत.