शिवराक वार आणि शिकारीचा विवेक

पेडणे व डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. तत्पूर्वी तेथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. त्या काळापासून या मुलुखात नांदणाऱ्या आमच्या मराठी घराण्यांनी आहाराचा एक आचार जपला. काही घरांत मत्स्यमांस सर्वथा वर्ज्य, बहुतेकांत वर्ज्य नव्हते. पण सोमवार शिवराक, श्रावण शिवराक, आणि शिरगावच्या श्रीलईराईच्या जत्रेपूर्वी धोंडांचे कडक व्रत. जीव मारण्यास मनाई नव्हती, खाण्यास मात्र काळवेळ होती.

या आचाराचा आम्हांस अभिमान आहे. तथापि त्याने खाणाऱ्याला संयम शिकवला. खाल्ल्या जाणाऱ्या प्राण्याला त्याचा आधार किती मिळाला, हे क्वचितच विचारले गेले. बेडकाचेच पाहावे. पहिल्या पावसात पाणथळ शेतांत मोठे बेडूक विणीसाठी जमतात, आणि दिव्याच्या उजेडात पकडले जातात तेही त्याच रात्री. श्रावण उजाडेपर्यंत तो बहर ओसरलेला असतो. आमचे व्रत पाळले जाते, बेडूक वाचत नाही. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशाने १९८७ मध्ये थांबवली, ती व्रताच्या नव्हे, कायद्याच्या बळावर.

पेडण्यातील मोरजीचा इतिहास याहून बोलका आहे. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्याच्या रात्री वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास. ती उकरून खाणे, विकणे यात पूर्वी कोणास काही गैर वाटत नसे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात वनखात्याच्या साथीने घरट्यांची राखण सुरू झाली आणि राखणीला उभे राहिले ते गावचेच लोक. हा पालट कोणत्याही पंचांगात लिहिलेला नव्हता.

रानडुकरांनी ज्याचे वायंगण एका रात्रीत उधळले, त्या शेतकऱ्याला आम्ही अहिंसेचा उपदेश करू धजत नाही. गरज, जिभेचे चोचले आणि बाजार या तीन गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत. परंतु 'आज कोणता वार?' या जुन्या प्रश्नाशेजारी 'हा त्या जीवाच्या विणीचा काळ तर नव्हे?' हा दुसरा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरांत यावयास हवा. जून-जुलैमधील यांत्रिक मासेमारीची बंदी हाच प्रश्न विचारते. पूर्वजांचा संयम खरा होता. त्याची दिशा वाढवणे आमच्या हाती आहे.