मुका लॅपटॉप आणि कर्नलमधील ध्वनिपरीक्षा

कुंडलिकेकाठच्या अष्टमीत एखाद्या घरी लिनक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपमधून आरतीचे सूर उमटतात, तेव्हा ते कर्नलमधील (सैन्यातला कर्नल नव्हे!) अल्सा या यंत्रणेतून आलेले असतात. यंत्रणा जुनी आहे. तिची स्वयंचलित परीक्षा मात्र अगदी अलीकडची.

यारोस्लाव किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या साउंड कार्डाच्या ड्रायव्हरपासून अल्साचा पाया घातला. २००२ मध्ये ती कर्नलच्या विकासशाखेत दाखल झाली. अडचण एकच होती: जगातील सारी साउंड कार्डे कोणाही एका विकासकापाशी नसतात. त्यामुळे ड्रायव्हरमध्ये बदल होई, दूरवर कोणाचा तरी लॅपटॉप मुका होई आणि दोष कळे तो आवृत्ती बाहेर पडल्यावर.

डिसेंबर २०२१ मध्ये मार्क ब्राउन यांची मिक्सर-चाचणी आली. ती प्रत्येक नियंत्रणाला मुद्दाम मर्यादेबाहेरची किंमत देऊन पाहते. अनेक ड्रायव्हर ज्यावर विसंबून होते ते एक सामाईक फंक्शन अशा किमती निमूटपणे स्वीकारत होते. जानेवारी २०२२ मध्ये तेथे तपासणी बसवली गेली. परंतु किमान मर्यादा शून्याखालीही असू शकते, हे त्या घाईत निसटले आणि दुरुस्तीचीच दुरुस्ती करावी लागली.

२०२२ च्या अखेरीस खुद्द किसेला यांनी वादन-ध्वनिमुद्रणाची चाचणी लिहिली. सेकंदाला ४८,००० नमुने या गतीने पाठवलेला ध्वनी घड्याळाप्रमाणे वेळेत संपतो का, हे ती मोजते. सुमारे १०० मिलिसेकंदांची सूट असते. तिची खरी गंमत मांडणीच्या फायलीत आहे. यंत्र ओळखायचे कसे, त्यात कोणते कार्ड असायला हवे, चॅनेल किती, हे सारे त्या साध्या मजकुरात लिहिलेले असते. नमुन्यादाखल दिलेली फाईल थिंकपॅड पी१ च्या दुसऱ्या पिढीची आहे. ही फाईल नसेल तर चाचणी सापडेल तेवढ्याच कार्डांची परीक्षा घेते. ड्रायव्हर बिघडून कार्डच नाहीसे झाले, तर नापास व्हायला कोणी उरतच नाही! हजेरीपटावर नावच नसलेल्या मुलाची गैरहजेरी कोण मांडणार? फाईल असली की हरवलेले उपकरण थेट नापास ठरते.

२०२३ मध्ये इव्हान ऑर्लोव्ह यांचा आभासी ड्रायव्हर आला आणि साउंड कार्ड नसलेल्या यंत्रावरही अल्साचा मधला थर तपासता येऊ लागला. स्पीकरमधून आरती खरोखर ऐकू आली की नाही, हे मात्र त्या चाचणीला आजही कळत नाही.