धातूच्या चौकटीचे पिस्तूल : निवड वजनाची की आयुष्याची?

- प्रतिनिधी

अर्धस्वयंचलित पिस्तुलाची चर्चा निघाली की लक्ष जाते ते नळीकडे, काडतुसाच्या आकाराकडे आणि मॅगझिनमध्ये किती काडतुसे मावतात याकडे. ज्या भागावर सारे पिस्तूल उभे असते, त्या चौकटीचा विचार बहुधा शेवटी होतो. मूठ, चाप आणि मॅगझिनची जागा याच भागात असते. नळीवरची स्लाइड प्रत्येक गोळीसरशी चौकटीच्या खाचांतून मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि नवे काडतूस पुढे ढकलत जागेवर येते. हा आघात हजारो वेळा सोसणारी चौकट कोणत्या धातूची असावी, या प्रश्नावर जगातील मोठमोठ्या लष्करांनी अनेक वर्षे घालवली आहेत.

आरंभी उत्तर एकच होते, ते म्हणजे पोलाद. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्याचे कोल्ट पिस्तूल मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराच्या चाचणीत ६,००० गोळ्या झाडूनही अडले नाही आणि त्याच महिन्यात ते स्वीकारले गेले. रिकामे असताना त्याचे वजन सुमारे १ किलो १०० ग्रॅम. हे वजन कमरेला जाचते, पण हाताला मानवते. पिस्तूल जितके जड, तितका गोळीचा मागे बसणारा धक्का सौम्य आणि दुसऱ्या गोळीसाठी नेम तितक्या लवकर परत जागेवर येतो. नेमबाजीच्या स्पर्धांत आजही सव्वा किलोहून जड पोलादी पिस्तुले आवडीने वापरली जातात, ती याचसाठी.

दिवसभर कमरेला शस्त्र बाळगणाऱ्याचे गणित मात्र वेगळे. दुसऱ्या महायुद्धानंतर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चौकटी पुढे आल्या, त्या त्याच्यासाठी. अॅल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते. त्याचा दोष धातुशास्त्रातला. ठरावीक मर्यादेखालचा ताण पोलाद जवळजवळ कितीही वेळा सोसते, अॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. ताण लहान असला तरी तो साचत जातो आणि केव्हातरी चीर पडते. जर्मन लष्कराच्या वाल्थर पी १ या पिस्तुलाच्या अॅल्युमिनियम चौकटीत पुढे पोलादी खिळा बसवावा लागला, तो याच कारणाने.

म्हणूनच अमेरिकी लष्कराने जानेवारी १९८५ मध्ये इटलीच्या बेरेटा कंपनीचे हलक्या चौकटीचे पिस्तूल निवडले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. स्पर्धेत आठ कंपन्या होत्या. शेवटी बेरेटा आणि सिग या दोनच उरल्या आणि दोन्ही पिस्तुलांच्या चौकटी अॅल्युमिनियमच्याच होत्या. नुसत्या पिस्तुलाची किंमत पाहिली तर सिग किंचित स्वस्त होते. सुटे भाग आणि मॅगझिन धरून हिशेब केला, तेव्हा बेरेटाने बाजी मारली. ‘एम ९’ या नावाने दाखल झालेल्या या पिस्तुलात १५ काडतुसे मावत आणि वजन होते सुमारे ९५० ग्रॅम.

काही वर्षांतच अपघात झाले. नौदलाच्या सील पथकाचा सराव चालू असताना काही पिस्तुलांची स्लाइड मधोमध तुटली आणि मागचा तुकडा झाडणाऱ्याच्या तोंडावर आदळला. ज्या हलक्या चौकटीविषयी सर्वांना धास्ती होती, ती शाबूत होती. तुटली ती पोलादी स्लाइड! चौकटींना चिरा पडल्याच्या तक्रारीही अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९८८ मध्ये नोंदवल्या, पण माणसे जखमी झाली ती स्लाइडमुळे. दोष पोलादाचा की जादा दाबाच्या काडतुसांचा, यावर लष्कर आणि कंपनी यांच्यात बराच वाद झाला. बेरेटाने घोड्याच्या खिळ्याचे डोके मोठे केले आणि त्यासाठी स्लाइडमध्ये खाच ठेवली, म्हणजे स्लाइड तुटली तरी तुकडा मागे उडू नये. उपाय साधा होता. पुन्हा चाचण्या झाल्या आणि १९८९ मध्ये लष्कराने पुन्हा बेरेटाच निवडले.

पुढे इराकच्या युद्धात हेच पिस्तूल अडकत असल्याची ओरड झाली. तेव्हाही दोष चौकटीचा नव्हता. दुसऱ्या पुरवठादाराच्या मॅगझिनवरील खरखरीत लेपात बारीक वाळू अडकत होती. निवड करणाऱ्याने चौकटीइतकीच चौकशी स्प्रिंगची, मॅगझिनची आणि सुट्या भागांची करावी, हे एवढ्या खर्चिक अनुभवानंतर तरी पटायला हरकत नाही. स्लाइडला पुढे आणणारी मुख्य स्प्रिंग सुमारे ५,००० गोळ्यांनंतर बदलायची असते. ती थकली की स्लाइडचा आघात थेट चौकटीवर येतो आणि मग अॅल्युमिनियमला नावे ठेवली जातात.

दरम्यान, ऑस्ट्रियाच्या ग्लॉकने १९८० च्या दशकात प्लॅस्टिकची चौकट आणून बाजार बदलला. ब्रिटिश लष्कराने २०१३ मध्ये पोलादी ब्राउनिंग हाय-पॉवरच्या जागी ग्लॉक घेतले. अमेरिकी लष्करानेही २०१७ मध्ये प्लॅस्टिकची मूठ असलेले सिग निवडले.

याच हाय-पॉवरचे भारतीय रूप पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात ‘१ ए’ या नावाने तयार झाले आणि आपल्या सैन्याच्या व पोलिसांच्या कमरेला लागले. सामान्य परवानाधारकाला मात्र ते मिळत नाही, कारण ९ मिलिमीटरचे पिस्तूल कायद्याने प्रतिबंधित गटात मोडते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रे ठेवता येतात. नागरिकाच्या वाट्याला प्रामुख्याने येते ते ०.३२ बोअरचे पिस्तूल. त्याचे काडतूस सौम्य आणि परवानाधारक सराव करतो तोही मोजकाच. तेवढ्याने धातूची चौकट थकण्याचा संभव फार कमी. पावसाळ्यात कपाटात पडून चढणारा गंज आणि वर्षानुवर्षे भरून ठेवलेली तीच ती काडतुसे, याकडे त्याने आधी पाहावे.